लेट चेकआउट

१

गिरावीनच्या आमच्या नेहमीच्या इंडियन दुकानात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते, तेव्हा रॅकच्या पलीकडून ऐकू आलं.

"...मयूराला म्हणे त्याने तिकडे जपानलाच सोडलं, हॉटेलात. आणि ही जी आता घरात वावरतेय ना, ती..."

मी मान पुढे काढली आणि बोलणं तिथेच तुटलं. पलीकडे निहारिका होती, आमच्या मराठी मंडळातली. तिच्याबरोबर आणखी एक कुणीतरी होती, तिने लगेच पोह्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला घेतली.

"अय्या, सुहासिनीताई," निहारिका म्हणाली. "मेथी छान आलीय ना आज?"

"छान आहे. कोणाला सोडलं गं?"

"कुठे काय. सिरियलचं बोलत होतो."

मला हसूच आलं. मयूरा माझी कुंपणाची शेजारीण. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसतं, मागचं अंगण दिसतं, कपडे वाळत घालायचा तो गोल स्टँड दिसतो. मला लोकांच्या घरात डोकावायची सवय आहे, हे मी लपवत नाही. आमचे हे, रविंद्र, त्याला 'खिडकी-ड्युटी' म्हणतात. तर त्याच सकाळच्या ड्युटीत मी मयूराला कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. मग सोडलं कुणाला?

गाडीत बसल्यावर मात्र ते कपडे पुन्हा डोळ्यांपुढे आले. टॉवेल सगळे एका बाजूला, कडेला कड लावून. मोज्यांच्या जोड्या उतरत्या क्रमाने. प्रत्येक कपड्याला दोनच चिमटे, दोन्ही पांढरे.

मयूराच्या चिमट्यांच्या टोपलीत पाच रंग होते. नऊ वर्षांत तिने एका रंगाचे दोन चिमटे लावलेले मी पाहिले नव्हते.

२

मयूरा बीकॉम. पुण्यात बँकेत होती. इथे परदेशात आल्यावर शैलेंद्रला, तिच्या नवऱ्याला, आयटीत लगेच काम मिळालं, हिला मिळालं पॅरामाटाच्या एका हॉटेलात, खोल्या आवरायचं. एका शिफ्टला चौदा खोल्या. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, लोकांचे केस उचलायचे. घरी येऊन पुन्हा तेच. मुलगी रुचा आता युनिव्हर्सिटीत कॅनबराला, पण दर पंधरा दिवसांनी धुण्याची बॅग घेऊन हजर.

तिची एकच इच्छा होती. माझ्या मागच्या पायरीवर बसून चहा पिताना कितीदा तरी बोलली असेल. "सुहासताई, एकदा अशा एखाद्या हॉटेलात जायचंय. दाराला 'डिस्टर्ब करू नका'ची पाटी लावायची आणि झोपायचं. कोणीतरी दुसरीने माझी चादर ओढायची."

या मे महिन्यात लग्नाला बावीस वर्षं झाली तेव्हा शैलेंद्रने हौसेने ओसाकाचं बुकिंग केलं. नदीकाठचं उंच हॉटेल, एकोणतिसाव्या मजल्यावर खोली. माणूस वाईट नाही हो तो. नुसता लक्ष नसलेला.

जायच्या आदल्या दिवशी ती किल्ली द्यायला आली, तेव्हा मी तिला एक सांगितलं. ते मला आज लिहायला नको वाटतं, पण लिहिते. "खोलीत पसारा टाकून बाहेर जाऊ नकोस हां. ती जपानी माणसं फार टापटीप. आपल्या लोकांचं नाव खराब होतं."

आपल्यात कामाची बाई यायच्या आधी आपणच घर आवरून ठेवतो. ती काय म्हणेल, म्हणून. माझ्या आईने तेच केलं, मी तेच करते, मयूराच्याही हाडात तेच होतं. मला सांगायची गरजच नव्हती. तरी मी सांगितलं.

पहिल्या दिवशी तिचा फोटो आला. खोली काय, दिवाणखानाच. भिंतभर काच, खाली नदी, आणि शेताएवढा पलंग. खाली लिहिलेलं: "दहापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. पाचला उठून बेड करून बसले. बाथरूमही पुसलं. शैलेंद्र हसतोय मला."

मी लिहिलं, "शाब्बास."

दुसऱ्या दिवशी एका कार्डाचा फोटो. जाड कागद, वर हॉटेलचं नाव आणि नंबर, खाली हाताने लिहिलेलं इंग्रजी. खोलीची इतकी काळजी घेतल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. सही नाही.

तिसऱ्या दिवशी आणखी एक कार्ड. आपण फार दमलेल्या आहात. कृपया झोपा. उरलेलं आम्ही बघू.

"बघ ना ताई," तिने लिहिलं होतं. "इतकं कुणी विचारलं नव्हतं कधी. वाचून रडूच आलं."

चौथ्या दिवशी नुसता दाराचा फोटो, मुठीला अडकवलेली पाटी. आणि खाली: "आज मी उठणारच नाही."

मी हसण्याची तीन तोंडं पाठवली. त्यानंतर तिचा मेसेज आला नाही. तीन दिवसांनी दोघं परत आली. त्यांची टॅक्सी मी खिडकीतून पाहिली, दोघं उतरताना पाहिली.

३

दमून आली असतील म्हणून मी अळूवडीचा डबा नेऊन दिला. आमच्यात डबा कधी रिकामा जात नाही, रिकामा येत नाही. काही नसेल तर मयूरा चार लिंबं घालते, चिमूटभर साखर घालते. एकदा काहीच नव्हतं तर रुचाची चॉकलेटं घालून पाठवली होती तिने.

दोन दिवसांनी दारावर टकटक झाली. तीन वेळा, सारख्या अंतराने. मयूरा मागच्या दाराने न विचारता आत येणारी बाई. पुढचं दार उघडलं तर ती पायपुसण्याच्या पलीकडे उभी. दोन्ही हातांत डबा, पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळलेला, कोपरे असे दुमडलेले की फाडायला जीव होईना.

"आत ये की. अशी काय उभी राहिलीस?"

"धन्यवाद. आपल्याला आणखी काही लागेल का?"

मला वाटलं मस्करी. "हो, लागेल. एक मसाज आणि दोन नोकर."

ती हसली. मीही हसले. मग माझं हसून संपलं, तिचं तसंच राहिलं. मी दार लावेपर्यंत तसंच होतं.

ओट्यावर डबा उघडला. आत काही नव्हतं. साधा रिकामा नाही. आतून असा पुसलेला, की त्यात कधी काही घातलंच नव्हतं असं वाटावं. डब्याच्या बुडाला एक जुना हळदीचा डाग होता, माझ्या लग्नापासूनचा. तोही नव्हता.

"चांगलं आहे की," रविंद्र म्हणाले. "तुला तो डाग निघत नव्हता ना?"

४

मी वेडी नाही. बारावीपर्यंतच शिकलेय, पण मंडळातल्या बायका भुताखेताचं बोलायला लागल्या की मीच गप्प करते त्यांना. म्हणून मी स्वतःला समजावलं. बाई पहिल्यांदा चांगल्या जागी राहून आलीय, तिथल्या रीती आवडल्या असतील. मी नाही का सिंगापूरहून आल्यावर महिनाभर सगळ्यांना टोमणे मारत होते.

पण त्यानंतर मी कारणं काढून चार-पाचदा तिच्याकडे गेले. कधी कोथिंबीर मागायला, कधी चुकून आमच्याकडे पडलेलं पत्र द्यायला.

दारात सपाता, टाचा दाराकडे, पाय घालून थेट आत चालता यावं अशा. टॉयलेटमध्ये कागदाच्या टोकाला त्रिकोणी घडी. सोफ्यावरच्या उशा बोटाने मधोमध दाबलेल्या. फोडणीचा वास नाही, उदबत्तीचा नाही. घराला वासच नव्हता. आणि मयूरा कुठे बसलेली दिसायची नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरायच्या आधी ती दाराच्या चौकटीवर तीनदा टकटक करायची, क्षणभर थांबायची, मग आत जायची. जाताना पाठमोरी जायची नाही, मागे मागे सरकत जायची.

"वहिनी, जपानने माणूस सुधारला बघा," शैलेंद्र लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "भांडण नाही, कटकट नाही. मला शर्ट शोधावा लागत नाही."

"जेवते का रे ती?"

"जेवत असेल की. माझं होतं तेव्हा ती आवरत असते."

रुचा आली होती त्या शनिवारी. तिची धुण्याची बॅग दोन तासांत इस्त्री होऊन दाराशी. "मम इज सो चिल नाऊ, आंटी," ती म्हणाली. "शी डझन्ट ईव्हन आस्क मी एनिथिंग."

"आणि तू विचारतेस का तिला काही?"

"लाइक व्हॉट?"

मयूरा मधल्या बोळात उभी होती, भिंतीला लागून, हात पोटावर एकात एक घालून. कोणी बोलावेल म्हणून थांबतात तशी. तेव्हा मी तिचे हात पाहिले. बोटांची सालं गेली होती, गाठींवर लाल. मनगट इतकं बारीक झालेलं की बांगडी कोपरापर्यंत जाईल.

घरी येऊन मी रविंद्रना म्हटलं, "ती वाळत चाललीय. अशीच राहिली तर दिवाळीपर्यंत काही उरायचं नाही तिचं."

"डॉक्टरकडे न्यायला सांग शैलेंद्रला."

सांगितलं. तो म्हणाला, विचारलं मी तिला, ती म्हणते ठीक आहे. हॉटेलातही खूश आहेत म्हणे तिच्यावर. चौदाच्या जागी अठरा खोल्या देतात आता.

५

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, शैलेंद्रची गाडी नव्हती. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि आत गेले. आत गेल्यावर हाक मारली, हे कबूल करते.

ती वरच्या खोलीत पलंग करत होती. पलंग झालेलाच होता. तरी ती चादर कोपऱ्यातून काढत होती, ताणत होती, पुन्हा खोचत होती. खिडकीतून इथल्या हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन आत आलेलं, बाहेर कुणाचा तरी लॉनमोअर चाललेला. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं.

"मयूरा, पुरे. बस जरा."

"लगेच होईल. क्षमा असावी."

"क्षमा कसली? मी सुहासताई आहे. बस म्हणते ना." मी तिचा दंड धरला. हातात आला तो ब्लाउजचा कपडा. आत दंड होता, पण धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात हात घालावा तसा. मी तिला पलंगाच्या कडेवर बसवलं.

ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, तेच हसू. मीच मनातून सुटल्यासारखी झाले. म्हटलं, बघ, बसली की नाही.

मग माझी नजर चादरीवर गेली.

चादर सपाट होती. ती जिथे बसली होती तिथे गादी खाली गेली नव्हती, एक सुरकुती पडली नव्हती. उन्हात चादरीचा विणलेला पट्टा सरळ तिच्याखालून जात होता.

डोळे फसवतात, म्हणून मी तिच्या शेजारी गादीवर हात टेकला. माझ्या पंजाचा खड्डा पडला, पाचही बोटं दिसत होती. मी हात उचलला. मयूराने त्या खड्ड्याकडे पाहिलं, आणि फार हळुवारपणे, जणू माझंच काही सांडलंय आणि मला लाजवायचं नाही अशा बेताने, तो तळव्याने पुसून टाकला.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. सपाता तेवढ्या आठवतात. माझ्यासाठी वळवून ठेवलेल्या होत्या, टोकं दाराकडे.

६

दोन दिवस मी खिडकीचा पडदा ओढून स्वयंपाक केला. गुरुवारी दुपारी तीनला मात्र फोन काढला, ते कार्डाचे फोटो शोधले, आणि वरचा नंबर लावला. रविंद्र ब्लॅकटाउनला दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बरं झालं गेले होते.

रिसेप्शनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती की माझं मोडकं इंग्रजी मलाच बरं वाटायला लागलं. मी मयूराचं नाव सांगितलं, मे महिन्याची तारीख सांगितली, एकोणतिसावा मजला सांगितला. त्या खोलीतली माणसं नीट चेकआउट करून गेली का, एवढंच विचारायचंय म्हटलं.

की-बोर्डचा आवाज आला.

"मिस्टर शैलेंद्र यांचं चेकआउट झालं आहे, मॅडम. लेडी गेस्टनी लेट चेकआउटची विनंती केली आहे."

"किती वाजेपर्यंतची?"

पुन्हा की-बोर्ड. "त्यांना जाग येईपर्यंतची."

दुसरी कुणी बाई असेल, कॉम्प्युटरमधली चूक असेल, मला इंग्रजी कळलं नसेल. ही तिन्ही कारणं मी मनात मांडली आणि तिन्ही मला पटली. तरी तोंडातून आलं ते वेगळंच. "मला तिच्याशी बोलायचंय. अर्जंट आहे."

"अर्जंट असेल तरच, मॅडम. प्लीज हळू बोला."

रिंग वाजत राहिली. मी पडदा सरकवला. समोरच्या स्वयंपाकघरात शैलेंद्र टेबलाशी बसला होता, गुरुवारी तो घरूनच काम करतो. मयूरा सिंकपाशी होती. तिच्या हातात फडकं होतं. फोन नव्हता.

माझ्या कानाशी तिकडचा फोन उचलला गेला. चादरीची सळसळ, मग एक लांब श्वास.

"कोण गं?"

जड, उबदार, झोपेने भरलेला आवाज. नऊ वर्षं त्या आवाजाने मला मागच्या पायरीवरून हाका मारल्या होत्या.

"मयूरा?"

"सुहासताई? किती वाजले?"

"तीन. इथले तीन."

"मग आहे अजून वेळ." तिने जांभई दिली. मी तिला कितीदा दमलेलं पाहिलं होतं, पण तिची जांभई कधी पूर्ण झालेली ऐकली नव्हती. मध्येच तोंड मिटून उठायची ती. ही पूर्ण झाली.

"मयूरा, घरी ये."

"घरी आहे ना कुणीतरी?"

"आहे."

"काम करते ना ती?"

"करते गं. पण वाळून चाललीय. हात बघवत नाहीत तिचे. तू उठ, बाई. उठ आणि ये."

चादर पुन्हा सळसळली. मला वाटलं पुन्हा झोपली.

"शैलेंद्रने विचारलं माझं?"

मी समोर पाहिलं. मयूरा चहा घेऊन टेबलापाशी आली होती. तिने दोन्ही हातांनी कप ठेवला, कान त्याच्या उजव्या हाताकडे वळवला, आणि मागे मागे सरकली. त्याने कप उचलला. नजर स्क्रीनवर. घोट घेतला, कप ठेवला.

"रुचाने?" फोनमधली मयूरा म्हणाली.

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडली नाही. सासूशी बोललेय, इमिग्रेशनच्या माणसाशी बोललेय. 'हो' म्हणायचं होतं, एक अक्षर. ती उठली असती. आली असती, बॅग टाकली असती, आणि संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायला घेतली असती.

"नाही," मी म्हटलं. "पण मी विचारतेय ना."

"तू विचारतेस म्हणूनच बोलतेय." आवाज उशीत बुडत चालला होता. "ताई, पसारा नको म्हणाली होतीस ना. मी नाही टाकला हां काही."

"मयूरा, ऐक..."

"फार ऊन येतंय गं. पडदा लावते."

समोरच्या घरात मयूरा खिडकीशी आली. पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे बघत होती. ते हसू नव्हतं. चेहऱ्यावर दुसरंही काही नव्हतं. तिने दोरी ओढली आणि ब्लाइंड हळूहळू खाली आला, आवाज न करता, अगदी तळापर्यंत. कानात तेव्हाच फोन ठेवल्याचा आवाज झाला.

७

मी पुन्हा फोन केला नाही. फोन करायला बोटं जातात, थांबतात. जाग आणायची म्हणजे कशासाठी आणायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि नाही आणली तर समोरची कितीशी टिकेल, तेही कळत नाही. आता तिचे कपडे स्टँडवर वाळत असतात तेव्हा त्यात ती उभी आहे की नाही, हे मला दोनदा बघावं लागतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात निहारिका भेटली. यावेळी तीच जवळ आली, ट्रॉली माझ्या ट्रॉलीला लावली.

"सुहासिनीताई, तुम्ही शेजारीच राहता म्हणून विचारते. मयूराला त्याने खरंच तिकडे सोडलं का हो?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सोडलं नाही," मी म्हटलं. "घेऊन आला ना तो."

"म्हणजे अफवाच म्हणायची."

"घेऊन आला," मी म्हटलं. "जेवढी लागत होती तेवढी."